मी तर काहीच खात नाही!

दिवाळीचा फराळ संपला आणि लग्नसराई तोंडावर आली की पत्रं वाढतात, आणि ती बहुतेक वजनाचीच असतात. सांगलीत विश्रामबागला बसून आहारसल्ल्याचं काम करायला लागून मला आता तेवीस वर्षं झाली. समोर बसलेल्या माणसाला मी आधी त्याचा दिवस विचारते. पत्रातून तसं विचारता येत नाही, म्हणून ज्यांनी आपला दिवस मोकळेपणाने लिहिला आहे, त्यांची पत्रं यावेळी घेतली आहेत.

प्रश्न : वय 42, उंची 5 फूट 1 इंच, वजन 74 किलो. घरात आम्ही दोघं आणि दोन कॉलेजची मुलं. भात पूर्ण बंद केला, सहा महिने झाले रात्री जेवतही नाही. सुरुवातीला तीन किलो उतरले, ते परत आले, वर दोन वाढले. मी तर काहीच खात नाही! दिवसभर पायाला भिंगरी असते. मग वजन कशानं वाढतं?
– एक गृहिणी, मिरज

ताई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ‘काहीच खात नाही’ असं म्हणणारी बाई खोटं बोलत नसते. ती ताट वाढून घेऊन, मांडी घालून असं खरंच फारसं खात नाही. पण पोटात जातं ते ताटातूनच जातं असं नाही.

मागे अशाच एक ताई माझ्याकडे यायच्या. त्यांना म्हटलं, उद्या येताना घरातला कुटाचा डबा घेऊन या. त्यांनी आणला. टेबलावर स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा होता. म्हटलं, भाजीत घालता तशी मूठ घाला. त्यांनी सवयीनं मूठ भरली आणि काट्यावर सोडली. 35 ग्रॅम. म्हणजे जवळजवळ 200 कॅलरी. दिवसाला अशा किती मुठी, विचारलं तर एक भाजीत, एक आमटीत, एक कोशिंबिरीत. शंभर ग्रॅमच्या वर शेंगदाणे, साडेपाचशे-सहाशे कॅलरी, चार माणसांत वाटून. शिवाय भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि तिच्यावर तेल. त्या बराच वेळ काट्याकडे बघत राहिल्या.

शेंगदाणा वाईट नाही, हे आधी सांगते. शंभर ग्रॅममागे तो 25 ग्रॅम प्रथिनं देतो. पण आपल्याकडं तो मसाल्यासारखा हाताच्या अंदाजानं पडतो, आणि अंदाज वर्षागणिक वाढत जातो. कुटाच्या डब्यात चमचा ठेवा आणि माणशी दिवसाला दोन चमचे असं धरून चला.

आता तेल. महिन्याचा किराणा भरताना पाच लिटरचा डबा येत असेल आणि तो चौघांत महिन्यात संपत असेल, तर प्रत्येकाच्या पोटात रोज साधारण 38 ग्रॅम तेल जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या दिवसाच्या ताटात 2000 कॅलरींच्या आहाराला 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. एक ग्रॅम तेल म्हणजे 9 कॅलरी. सूर्यफुलाचं असो, शेंगतेल असो की घाण्याचं असो, हा आकडा तोच राहतो. डबा आला त्या दिवशी झाकणावर तारीख लिहा आणि तो 30 ऐवजी 42-45 दिवस पुरवून बघा. रोज फोडणीचं तेल मोजत बसण्यापेक्षा हे सोपं जातं आणि घरातल्या चौघांचंही भलं होतं.

चहाचं तुम्ही लिहिलेलं नाही, पण मिरजेतल्या घरात दिवसाला चार कप सहज होतात. कपाला दोन चमचे साखर धरली तर आठ चमचे, म्हणजे 40 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला शक्यतो 25 ग्रॅमच्या आत राहा म्हणते. साखर एकदम बंद करू नका, आठवड्याला कपामागं अर्धा चमचा कमी करत या. जिभेला पंधरा दिवसांत सवय होते.

आणि उरलंसुरलं. मुलाच्या ताटातली अर्धी चपाती, पातेल्याच्या तळाचा भात, सकाळचे पोहे टाकवत नाहीत म्हणून दुपारी. माझी आई असंच जेवायची. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर ओट्याशी उभी राहून, ताट न घेता, टोपातूनच. तिला विचारलं असतं तर तीही म्हणाली असती, मी कुठं काय खाते. बावन्नाव्या वर्षी तिला मधुमेह निघाला. म्हणून मी हे कळकळीनं सांगते. ताई, सगळ्यांच्या बरोबर बसा आणि आपलं ताट आधी वाढून घ्या. उरलेलं डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. तुमचं पोट म्हणजे खरकट्याची बादली नव्हे.

रात्रीचं जेवण परत सुरू करा. आधी जे तीन किलो उतरले त्यात पाणी बरंच होतं. खाणं तोडलं की शरीर स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर वापरतं, तिच्याबरोबर बांधलेलं पाणी निघून जातं आणि काटा खाली येतो. पुढे पुढे उपासमारीत स्नायूही झिजतात. मग भूक दुसऱ्या वाटेनं येते. संध्याकाळी साडेपाचला भडंगाचा डबा उघडतो आणि परातभर भडंग गप्पा मारता मारता संपतं. रात्री जेवला असता तर दीड भाकरी खाल्ली असती, तेवढंच हे झालं, आणि प्रथिनं मात्र मिळाली नाहीत.

तुमच्या उंचीला दिवसाला 50-55 ग्रॅम प्रथिनांचं लक्ष्य ठेवा. वाटीभर दाट मटकीची उसळ सात-आठ ग्रॅम देते, एक अंडं सहा, कपभर दूध सहा-सात, ज्वारीची मध्यम भाकरी साधारण सहा. दोन्ही वेळच्या जेवणात उसळ, दाट वरण, पिठलं, अंडं, दही यांपैकी दोन गोष्टी असल्याच पाहिजेत. हुलग्याचं माडगं आपल्या आज्या करायच्या, ते पुन्हा सुरू करा. भात वाटीभर खाल्लात तर काही बिघडत नाही.

पायाला भिंगरी असते हे खरं, पण घरकामानं माणूस दमतो, दम लागत नाही. रोज अर्धा तास अशा वेगानं चाला की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आणि एकदा टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड कमी असेल तर गोळी लागेल, मात्र थायरॉइडमुळे वाढलेलं वजन बहुधा दोन-चार किलोच असतं, पंधरा किलोंचं खापर त्याच्यावर फुटत नाही.

प्रश्न : रोज सकाळी कोमट पाण्यात लिंबू आणि मध घेते. चरबी वितळते ना? आणि साखरेऐवजी गूळ वापरला तर चालेल का?
– तासगाव

चरबी वितळत नाही. कोमट पाण्यानं पोट साफ होत असेल तर घ्या, मध सोडा. चमचाभर मधात 20 कॅलरी असतात. गुळात लोह थोडंफार असतं, पण चमच्याला चमचा कॅलरी साखरेइतक्याच. आपल्याकडं ऊस आहे, गुऱ्हाळं आहेत, गुळावर आपली माया आहे, हे मला कळतं. सणाला पुरणपोळी गुळाची करा. रोजच्या चहात मात्र गूळ आणि साखर यांच्यात फरक करू नका.

प्रश्न : मी पंधरा वर्षं तालमीत होतो. गुडघ्याला मार बसला, कुस्ती सुटली, आता शेती आणि दुधाचा धंदा बघतो. वय 34. कुस्ती करताना 86 किलो होतो, आता 112. खुराक मात्र पूर्वीसारखाच आहे, तो सोडला तर अंगातली ताकद जाईल अशी भीती वाटते. जिममधल्या एकानं पावडर घे म्हटलं आहे.
– पलूस तालुका

पैलवान, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न घरोघरी आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. 1962 साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेतून सुवर्णपदक आणणाऱ्या कवठेपिरानच्या मारुती माने यांचं नाव घेत पोरं लाल मातीत उतरतात. गाव त्यांच्या खुराकाला वर्गणी काढतं, आई म्हशीचं दूध राखून ठेवते. खुराक म्हणजे घरच्यांची माया असते. ती एका दिवसात कशी तोडायची, हे मला समजतं.

पण हिशेब करू. तुम्ही लिहिलंय, दोन लिटर म्हशीचं दूध, मूठभर बदामाची थंडाई, दोन्ही जेवणांत पळीभर तूप. दूध एकटंच 2000 कॅलरींच्या वर जातं. बदाम आणि तूप धरून साधारण 2700, आणि अजून भाकरीचा पहिला तुकडा मोडायचा आहे. पहाटे चारला उठून हजार बैठका, पाचशे जोर, मग आखाडा खणणं, मग दोन तास लढत, असा दिवस होता तेव्हा हे सगळं जिरत होतं. आता दिवस मोटारसायकलवर जातो.

ताकद खुराकानं येत नव्हती. ती मेहनतीनं यायची, खुराक तिला पुरवठा करायचा. तेव्हा पुरवठा कमी करा आणि मेहनत थोडी परत आणा. दूध दोन लिटरवरून महिन्याभरात अर्ध्या लिटरवर या, साय काढून. तूप दिवसाला दोन चमचे. बदाम दहा. अंडी, उसळ, आठवड्यातून दोनदा चिकन किंवा मासे, हे तसंच ठेवा. तुमचे स्नायू त्यावर टिकतील. एवढं खाल्लंत तर पावडरीची गरजच पडणार नाही, आणि लेबल न वाचता कुणी दिलेला डबा उघडू नका. आखाडा सोडलेल्या पोरांना त्यातून काय काय दिलं जातं हे मी पाहिलं आहे.

गुडघ्याच्या डॉक्टरांना विचारून जोर सुरू करा. जोरांत गुडघ्यावर भार फार येत नाही. खोल बैठका नकोत, त्याऐवजी खुर्चीवर बसून उठणं. पोहता येत असेल आणि घाट जवळ असेल तर उन्हाळ्यात कृष्णेत पोहण्यासारखा व्यायाम नाही, एकटं जाऊ नका. 112 वरून पहिला टप्पा 104 चा ठरवा. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार जवळजवळ चार किलोनं हलका होतो, तेव्हा आठ किलोंत तुमचा गुडघा तुम्हाला दुवा देईल. रक्तदाब आणि उपाशीपोटीची साखर याच आठवड्यात तपासा. आणि शक्य असेल तर संध्याकाळी तासभर तालमीत जाऊन लहान पोरांना शिकवा. तुम्ही पत्रात तीन ठिकाणी तालमीची आठवण काढली आहे.

प्रश्न : मुलगा पुण्याहून आला की ओट्स, किनोआ, मिलेट बिस्किटं आणतो. आम्ही जन्मभर भाकरी खाल्ली. मधुमेहाला आणि वजनाला भाकरी चांगली की चपाती?
– कवठेमहांकाळ

भाकरीच. पण किती, ते बघा. शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ, गव्हाचं पीठ आणि बाजरीचं पीठ यांच्या कॅलरींत फारसा फरक नाही. भाकरीनं पोट लवकर भरतं आणि तेल लागत नाही, हा तिचा फायदा. तोटा असा की ती मोठी होते. 70 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे जवळपास तीन फुलके. दोन भाकऱ्या खाऊन ‘चपाती सोडली’ म्हणण्यात अर्थ नाही. मधुमेहात भाकरीनंही साखर वाढते, म्हणून एक भाकरी, भाजी तिच्या दुप्पट आणि वाटीभर उसळ.

2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हापासून दुकानांत ज्वारीची बिस्किटं जास्त दिसायला लागली. पाकिटाच्या मागं घटकांची यादी बघा, बऱ्याचदा पहिला मैदा, मग साखर, मग पामतेल आणि शेवटी कुठंतरी ज्वारी. जतचा शाळू ज्यांच्या दाराशी पिकतो त्यांना हे पाकीट कशाला?

माझ्या आईला मधुमेह निघाला तेव्हा एका दवाखान्यातून छापील कागद मिळाला होता. त्यावर ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. तिला त्यातलं एकही अक्षर ओळखीचं नव्हतं. तिनं तो घडी करून देवघराच्या खणात ठेवला आणि आपल्याला काही खायलाच चालत नाही असं समजून सहा महिने नुसत्या ताक-भाकरीवर काढले. त्या कागदामुळं मी या कामात आले.

प्रश्न : वय 66. रोज आमराईत पाऊण तास चालतो, तरी पोट कमी होत नाही. मधुमेहाची गोळी चालू आहे. दोन्ही एकादशा करतो, त्यामुळे महिन्यातून दोन दिवस पोटाला आराम मिळतो.
– निवृत्त, सांगली

काका, चालणं सोडू नका. आठवड्याला 150 मिनिटं सांगतात, तुमची त्याहून दुप्पट होतात. पण साठीनंतर स्नायू आपोआप घटतात आणि नुसत्या चालण्यानं ते टिकत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हाताचा आधार न घेता दहादा उठा-बसा, भिंतीला हात टेकून जोर काढा, पाण्याच्या लिटरच्या बाटल्या उचला. एकट्या पोटावरची चरबी उतरवणारा व्यायाम नसतो. ती सगळीकडून मिळूनच उतरते. भारतीय पुरुषाच्या कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत हवा. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून मोजा.

एकादशीचं मात्र जरा गंभीरपणे घ्या. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टच असतो. वर दाण्याचं कूट आणि तूप. भरलेल्या एका ताटलीत 500 कॅलरी सहज होतात आणि साखर झपाट्यानं चढते. यात पोटाला आराम कसला? उपवास मोडा असं मी म्हणणार नाही. वरीचा भात थोडा, बरोबर दही, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, असं दोन वेळा खा. आणि कडक उपवास कधीच नको, कारण मधुमेहाच्या काही गोळ्या तुम्ही जेवला नाहीत तरी साखर खाली ओढत राहतात. तुमची गोळी त्यातली आहे का, हे पुढच्या एकादशीआधी डॉक्टरांना विचारा. घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि पंधरा मिनिटांनी साखर तपासा. देवासाठी म्हणूनही थांबायचं नाही.

प्रश्न : वय 27, उंची 5 फूट 3 इंच, वजन 68. चार महिन्यांनी लग्न आहे. सासरच्यांनी बैठकीत सगळ्यांसमोर ‘पंधराएक किलो कमी करून घ्या’ असं सांगितलं. आई रडत होती. मैत्रीण म्हणते वजनाचं इंजेक्शन घे, पोटात मळमळतं पण भराभर उतरतं. घेऊ का?
– वाळवा तालुका

बाळ, इंजेक्शन घेऊ नकोस. 2025 साली मौंजारो आणि वेगोव्ही ही औषधं भारतात आली. ती खरी औषधं आहेत आणि ज्यांना गरज आहे त्यांचा त्यांनी फायदा केला आहे. पण ती बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा) 30 च्या वर असलेल्यांना, किंवा 27 च्या वर असून मधुमेह, रक्तदाब असं काही असलेल्यांना देतात. तुझा साडेसव्वीस येतो. थांबवली की वजन बऱ्यापैकी परत येतं. आणि तुझ्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं, दिवस राहण्याच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड (वेगोव्हीतलं औषध) बंद करावं लागतं. लग्न तोंडावर असताना हे कुणी मैत्रिणीच्या सांगण्यावरून घ्यायचं नसतं.

चार महिने म्हणजे सतरा आठवडे. आठवड्याला अर्धा किलो उतरला तर आठ किलो होतात. 60 किलो हे तुझ्या उंचीच्या योग्य वजनाच्या अगदी जवळ आहे. पंधरा किलो हा आकडा कुणाच्या तोंडून सहज निघाला आहे, त्याला शास्त्राचा काही आधार नाही. तुला स्वतःला हलकं व्हावंसं वाटत असेल तर मिरजेच्या ताईंना लिहिलंय तेच ताट तू धर, रोज पाऊण तास चाल, आठवड्यातून तीन दिवस सूर्यनमस्कार घाल, सात तास झोप. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, हे लग्नाच्या खरेदीच्या धावपळीत विसरायला होतं. पाळी नियमित येते का ते लिहिलेलं नाहीस. येत नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखव. हिमोग्लोबिन, टीएसएच आणि साखर तपासून घे. उपाशी राहून केस गळालेली, चक्कर येऊन बोहल्यावर बसलेली नवरी मी पाहिली आहे. तुझ्यावर ती वेळ येऊ द्यायची नाही.

बैठकीतल्या बोलण्याबद्दल. होणाऱ्या नवऱ्याशी एकदा एकटीनं बोल. ते वाक्य त्याला पटलं होतं का, आणि तो तेव्हा गप्प का राहिला, हे दोन्ही विचार. आईला सांग, रडण्यासारखं तुझ्या अंगात काही नाही. महिन्यानं मला पुन्हा पत्र लिही, त्यात वजन नाही लिहिलंस तरी चालेल, कमरेचं माप आणि त्यानं काय उत्तर दिलं ते लिही.